तोच मुराळी

तिसगावच्या स्टँडवर सहादेव एसटीतून उतरला, तेव्हा भजीवाल्यापाशी उभ्या असलेल्या दोन बायकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पाठमोऱ्या होऊन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सहादेवला आता त्याचं नवल राहिलं नव्हतं. चेहराच तसा होता. लहानपणी देवी आल्या त्या गालांवर खळगे आणि डाव्या डोळ्यात फूल ठेवून गेल्या. वर जबडा मिळाला तोही दोन माणसांना पुरेल एवढा. तमाशाच्या फडात तो गॅसबत्त्या पेटवायचं काम करी, तेव्हा या चेहऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मग कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकाला तो बत्तीच्या उजेडात दिसला आणि सहादेवचं नशीब उघडलं, असं लोक म्हणतात. तेव्हापासून तो सिनेमात पाटलांच्या हुकमावरून कडब्याच्या गंजी पेटवत होता, नायकाच्या म्हाताऱ्या बापाला बदडत होता, आणि मुख्य म्हणजे पोरी पळवत होता. घरी कोंबडी कापायची वेळ आली की शेजाऱ्याला हाक मारणारा हा माणूस. पण ते पडद्यावर कुठे दिसतं!

आज मात्र त्याला त्या चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला भाचीला न्यायचं होतं, आणि लवकर न्यायचं होतं.

भाची म्हणजे बहिणीची, मनकर्णाची, एकुलती एक चांगुणा. पारनेरकडची पोर, तिसगावच्या पुढे डोंगराकडेला एक वाडी आहे तिथं दिलेली. लग्नात सहादेव नव्हता. कोल्हापूरला शूटिंग होतं, कुणाची तरी पोर पळवायची होती, म्हणून स्वतःच्या भाचीवर अक्षता टाकायला त्याला येता आलं नाही. त्यामुळे सासरच्या कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. आता चांगुणाला आठवा सरून नववा लागत होता. त्या बाजूनं आलेल्या कासारणीनं मनकर्णाला सांगितलं की पोरीचे पाय खांबासारखे सुजलेत, डोकं ठणकतंय, मधेच डोळ्यांपुढं अंधारी येते. मनकर्णा तशीच उठून नगरला मोठ्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरला विचारून आली. डॉक्टर म्हणाला, पोरीला ताबडतोब आणा, झटका आला तर आई आणि मूल दोन्ही हातची जातील. मनकर्णाच्या नवऱ्याचा पाय मोडलेला, घरात दुसरा पुरुष नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा मुराळी आल्याशिवाय सासर तिला पाठवत नाही, ही आपल्याकडची रीत. भाऊ नसेल तर तो मान मामाचा.

"दादा, तूच जा," मनकर्णा म्हणाली. "आजच्या आज जा. मी दवाखान्याच्या दारात बसते." सहादेव मिठाईचा पुडा घेऊन निघाला.

स्टँडबाहेर फक्रुद्दीनचा टांगा उभा होता. दुष्काळाचं दुसरं साल. बैल सगळे चारा छावणीला, तेव्हा वाड्यावस्त्यांवर जायला हा एकच टांगा उरला होता. घोडं हडकलेलं, पण चालायचं.

"पाव्हणं, तुमाला कुठंतरी बघितल्यालं वाटतंय," निघाल्या निघाल्या फक्रुद्दीन म्हणाला.

"समदेच म्हणत्यात," सहादेव म्हणाला आणि विषय बदलायला म्हणून विचारलं, "हिकडं करमणुकीचं काय हाय का न्हाई?"

विचारलं आणि फसला. कारण फक्रुद्दीनला बोलायला तेवढंच हवं होतं. "आवो, तंबू आल्ता की! बाजाराच्या मैदानात टाकीज लागली हुती. मी काय बघितला न्हाई, घोड्यापाशी कोन बसनार? पन घरची समदी गेल्ती. अर्धा पिच्चर झाला, सुट्टी झाली, अन् अशी वावटळ आली म्हनता, तंबू फाटून पार वढ्याला. टाकीजवाल्यानं रातीत बोऱ्याबिस्तरा गुंडाळला अन् गेला पुढच्या गावाला. अर्धाच राह्यला पिच्चर. आमच्या घरात आजून त्येच चाललंय."

"कोणता पिच्चर?" सहादेव पुढे सरकला.

"नाव काय ठाव न्हाई. त्यात म्हनं एक दौल्या का कोन हाय. त्यो मुराळी हून जातो, पोरीचा मामा म्हनून, अन् सासूच्या डोळ्यादेखत पोरीला घिऊन जातो. तितं सुट्टी झाली. आता ती पोर सुटली का न्हाई, कुनाला म्हायती? आमची बेगम जेवता जेवता थांबती, म्हनती, त्या बिचारीचं काय झालं आसंल."

 दौल्या म्हणजे सहादेवच होता.

"वाडीतली मानसं आल्ती बघायला?" त्यानं विचारलं.

"समदी वाडी! दुष्काळी खडी फोडायच्या कामावरनं परभारी आल्ती. का वो?"

"काय न्हाई. जरा दामटा घोडं."

टांग्यात बसल्या बसल्या सहादेवनं पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. नटाला वाक्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आपण दारात जायचं आणि म्हणायचं, मी पोरीचा मामा, मुराळी म्हणून आलोय. मग त्याच्या ध्यानात आलं की हे तर दौल्याचंच वाक्य. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं. पण मुराळ्याला दारात उभं राहून दुसरं बोलायला असतं काय? लेखकानं ते वाक्य लिहिलं तेव्हा ते आयुष्यभर तो मान निभावणाऱ्या हजारो मामांच्या तोंडचंच उचललं होतं. उपरण्यानं तोंड झाकावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तर दौल्यानंही फेट्याचा शेव तोंडावर घेतला होता. सहादेव उघड्या तोंडानं, उन्हात, वाडीत शिरला.

चांगुणाची सासू कडूबाई दारातच वाकळ झटकत होती. विधवा बाई, कणखर, मुलगा गोरक्षनाथ पाझर तलावाच्या कामावर लांब, आठवड्यानं घरी यायचा. घरात सासू आणि सून दोघीच. कडूबाई रोज रस्त्याकडे बघत होती, मुराळी कधी येतोय म्हणून. टांगा बघून तिचा चेहरा फुलला. मग टांग्यातला माणूस खाली उतरला आणि तिच्या हातातली वाकळ तशीच राहिली.

"रामराम, ईहीनबाई," सहादेव हात जोडून, होईल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाला. "मी मनकर्णाचा भाऊ. चांगुणाचा मामा. मुराळी म्हणून आलोय."

कडूबाई मागे सरली आणि तिनं दाराची कडी बाहेरून घातली. मग ती ओरडली. काय ओरडली ते सहादेवला नीट कळलं नाही, पण त्यात 'दौल्या' हा शब्द होता.

वाडी ती केवढी. कामावर न गेलेली माणसं, म्हणजे बहुतेक बायका आणि म्हातारी, पाणी भरायची भांडी टाकून गोळा झाली. सगळ्यांत पुढे श्रीमंत नावाचा माणूस होता, पलटणीतून पेन्शनीत आलेला, हातात काठी. त्यानं सहादेवला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं पहाऱ्यावरचा शिपाई न्याहाळतो तसं.

"त्योच हाय," श्रीमंत म्हणाला.

"त्यो मीच हाय, पन त्यो सिनेमा हाय," सहादेव म्हणाला. "माझा पोटापाण्याचा धंदा हाय त्यो. मी खरंच मामा हाय पोरीचा."

"सिनेमा खोटा आसतो हे आमाला कळतं," श्रीमंत तडकला. "आमी काय दगडधोंडं न्हाय. पन मागल्या म्हयन्यात पलीकडच्या खडी सेंटरवरनं एक पोर गेली. चुलता हाय म्हनून एक जन आला, मुकादमानं दिली पाठवून. आजून पत्ता न्हाई तिचा. ती गोष्ट सिनेमातली न्हाई."

हे सहादेवला ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्याला या लोकांचा राग करता येईना, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही कडीच घातली असती.

"फक्रुद्दीन!" श्रीमंतनं हाक मारली. "तू वळखतो ह्येला?"

फक्रुद्दीन तोवर सगळं उमगून पांढरा पडला होता. "मी स्टँडवर घेतला हवालदार, भाड्यानं. त्याच्या आधीचं मला ठाव न्हाई. खोटं कशाला बोलू."

सहादेवनं मिठाईचा पुडा पुढे केला. कुणी घेतला नाही. गर्दीतली एक पुटपुटली, त्यानंबी आनला हुता, पेढं. सहादेवनं पुडा मागे घेतला. आपण हातपाय हलवले तरी आधी पडद्यावर हलवून झालेत, असं त्याला वाटायला लागलं. तो नम्रपणे बोलला, तर दौल्या नम्रपणे बोलला होता. त्यानं बहिणीचं नाव सांगितलं, तर दौल्यानं बहिणीचं नाव सांगितलं होतं.

"पोरीला इचारा की!" तो शेवटी म्हणाला. "आवो, लहानपणापासनं खांद्यावर खेळवलीय मी तिला. तिलाच इचारा!"

कडूबाईनं कडी काढली नाही, पण आतून चांगुणा दाराच्या फटीशी आली असावी, कारण तिचा आवाज आला. "आत्याबाई, मामा हाय त्यो माझा. खरंच हाय. सिनेमा बघताना लाजंनं सांगितलं न्हाई मी. दार उघडा."

आणि सहादेवचा जीव भांड्यात पडणार, तोच मागून बनुबाई नावाची म्हातारी म्हणाली, "ती पोरबी आसंच म्हनली हुती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सहादेवला आठवलं. त्या प्रसंगात दौल्या पोरीच्या कमरेला आडून चाकू लावतो आणि ती रडवेल्या आवाजात म्हणते, व्हय, मामाच हाय माझा. दिग्दर्शकानं ते दृश्य फार मन लावून घेतलं होतं. पोरीचा आवाज कापला पाहिजे म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं होतं. आणि आता आतून येणारा चांगुणाचा आवाजही कापत होता, कारण ती आजारी होती.

"काय दम दिलाय तिला, कुनाला म्हायती," कडूबाई म्हणाली. "कासारनीसंगं काय निरोप धाडला आसंल." पण तिनं कडी काढली, कारण आत काहीतरी पडल्याचा आवाज आला होता.

चांगुणा उंबऱ्याला धरून उभी राहिली. सहादेवनं तिला पाहिलं. तिचा चेहरा सुजून ओळखू येईना. पापण्या फुगलेल्या, पावलं अशी तट्ट की जोडवी कातडीत रुतलेली. ती त्याच्याकडे बघून हसायला गेली आणि तिनं कपाळ धरलं.

"डोळ्यापुढं चांदन्या दिसत्यात, मामा," ती म्हणाली.

"ईहीनबाई, हिला नगरला न्यायला पायजे. आत्ता. डाक्टर म्हणलाय, झटका येईल."

"डोळं वटारू नगंस तिच्याकडं!" कडूबाई ओरडली. त्यानं वटारले नव्हते. त्याचा डावा डोळा तसाच होता. "पहिलटकरनीला सूज येतीच. माझ्याबी पायाला आल्ती. गोरक्षनाथला येऊ दे, मग बघू."

"गोरक्षनाथ कवा यायचा?"

"बाजारच्या दिवशी."

बाजाराला अजून तीन दिवस होते. दुपारची नगरची एसटी तिसगावला लागायची वेळ होत आली होती, ती चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. सहादेवच्या डोक्यात काहीतरी तुटलं. पंधरा-वीस वर्षांत त्यानं खऱ्या माणसावर आवाज चढवला नव्हता, तो आज चढवला.

"बाजूला व्हा!" तो गरजला. "माझी भाची मरंल हितं अन् तुमी सिनेमाच्या गोष्टी काय सांगताय! हात लावंल त्याचा मुडदा पाडीन!"

 बायका मागे सरकल्या. एका म्हाताऱ्यानं हातातला तांब्या टाकला. श्रीमंतची काठी वर गेली, पण अर्ध्यावर थांबली. टांग्यापासून उंबऱ्यापर्यंत मधली वाट अशी मोकळी झाली की जणू कुणी झाडून काढली.

सहादेवनं ती मोकळी वाट पाहिली. इतका वेळ खरं बोलून जे झालं नव्हतं ते एका डरकाळीनं झालं होतं. आता चार पावलं टाकायची, पोरीला उचलायची, टांग्यात घालायची. फक्रुद्दीन घाबरून घोडं हाकेल. हे त्यानं किती वेळा केलं होतं! कुठल्या खांद्यावर घ्यायची, मागे वळून कसं बघायचं, सगळं अंगात मुरलेलं. त्याला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. त्यानं दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग कडूबाई उंबऱ्यात आडवी झाली. तिच्या हातात खुरपं होतं. बाई घाबरलेली दिसत होती, तरी ती हलली नाही. सुनेला पाठीशी घालून उभी राहिली. आणि तिच्या खांद्यावरून चांगुणा मामाकडे बघत होती, तीसुद्धा घाबरून. क्षणभर तिलाही तो मामा दिसला नव्हता, दौल्या दिसला होता.

सहादेव जागच्या जागी थांबला. या बाईला आपण राक्षस समजत होतो, आणि ही तर आपल्या भाचीसाठी राक्षसापुढे उभी आहे, हे त्याला लख्ख दिसलं. दोघांचं भांडण एकाच पोरीच्या जिवासाठी चाललं होतं. तिला ओढून नेलं तर झटापट होईल, खुरपं लागेल, पोरगी पडेल. तो मटकन खाली, उन्हातल्या फुफाट्यात बसला.

"बरं," तो म्हणाला. आवाज परत त्याचा स्वतःचा झाला होता, जरा घोगरा. "माझ्यासंगं पाठवू नका. मला बांधा."

कुणाला काही कळलं नाही.

"मला बांधून ठेवा हितं. चावडीच्या खांबाला. दोर आना. अन् तुमी स्वतः घिऊन जा तिला, ईहीनबाई. फक्रुद्दीनभाई तुमच्या वळखीचा हाय. नगरला मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं माझी बहीण दारातच बसल्याली आसंल, तुमची ईहीन, तिला तर तुमी वळखता. मी खोटा निघालो तर माझं हातपाय तोडा. पन आत्ता निघा. तुमच्या पाया पडतो, आत्ता निघा."

"ह्यात काय डाव आसंल," श्रीमंत म्हणाला, पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

बनुबाई पुढे आली. "आरं, डाव आसता तर त्यानं पोरगी मागितली आसती. ह्यो तर म्हनतोय मला ठिवा अन् पोरीला न्या. दौल्यानं आसं क्येलं आसतं व्हय?"

"मुराळ्याबिगर सून घराभायेर काढू?" कडूबाईचं अजून एक अडलं होतं. हातातलं खुरपं खाली आलं होतं, रीत मात्र आली नव्हती. "लोक काय म्हनत्याल? माहेरचा मानूस नसताना पहिलटकरीन..."

"मुराळी आलाय की," सहादेव म्हणाला. "तुमीच बांधून ठिवलाय. मान पावला मला."

कडूबाईनं सुनेकडे पाहिलं. चांगुणानं पुन्हा कपाळ धरलं होतं आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकत होती. मग कडूबाईनं कुणाला काही विचारलं नाही. तिनं खुरपं फेकलं, सुनेच्या काखेत हात घातला आणि फक्रुद्दीनला हाक मारली. घाईत तिनं ओटीत मूठभर तांदूळ तेवढे टाकले, कुंकू लावायचं राहिलं. टांगा उडत्या धुळीतून निघाला, तेव्हा श्रीमंत सहादेवचे हात चावडीच्या खांबामागे बांधत होता. गाठ पलटणीतली होती, पक्की.

दुपारची एसटी टांग्याला मिळाली की चुकली, हे कळायला मार्ग नव्हता. सहादेव खांबाला टेकून बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. माणसं येऊन त्याला बघून जात होती. काहींना लाज वाटत होती, काहींना अजून शंका होती, आणि बऱ्याच जणांना दौल्या फुकटात इतक्या जवळून बघायला मिळाला याचा आनंद होता, तोही लपत नव्हता. एकानं तर हळूच विचारलं, ते डोळं फिरवून हसता तसं जरा हसून दावता का? सहादेवनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो उठून गेला. बनुबाई संध्याकाळी पाणी घेऊन आली आणि तिनं ते वरून त्याच्या तोंडात ओतलं. तिलाही काहीतरी विचारायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिनं तोंड मिटलं.

सहादेवला फक्त एकच दिसत होतं, जोडवी रुतलेली पावलं. आपण दारात उभे राहून किती वेळ घालवला ते तो पुन्हा पुन्हा आठवत होता. दुसरा कुठलाही मामा आला असता, साध्या तोंडाचा, तर कडूबाईनं हसून स्वागत केलं असतं, आणि पोरगी तेव्हाच टांग्यात बसली असती. जो वेळ वाया गेला तो या चेहऱ्यापायी गेला. आणि तो चेहरा त्यानं स्वतः विकला होता, एकेका सिनेमाला, खुशीनं. आयुष्यात पहिल्यांदा सहादेवला स्वतःच्या तोंडाचा संताप आला. रात्र त्यानं खांबाशीच काढली. श्रीमंतनं त्याच्या अंगावर आपली पलटणीतली घोंगडी टाकली, पण दोर सोडला नाही.

सकाळी ऊन वर आलं तेव्हा खिंडीत टांगा दिसला. सगळी वाडी चावडीपुढे उभी राहिली. घोडं हळू चाललं होतं. वाईट बातमी घेऊन येणारा माणूस घोडं हळू चालवतो, असं सहादेवला वाटलं. मग वाटलं, घोडं उपाशी आहे, ते आणखी कसं चालणार. टांगा जवळ येईपर्यंत तो दोन्ही गोष्टी आलटून पालटून मानत राहिला. टांग्यात फक्रुद्दीन एकटाच होता.

तो उतरला. त्यानं आधी घोड्याचं तोंड मोकळं केलं.

"फक्रुद्दीनभाई, बोला की," सहादेव म्हणाला. 

"दुपारची गाडी थांबवली कंडाक्टरनं आमच्यासाठी, टांगा लांबनं दिसला म्हनून," फक्रुद्दीन म्हणाला. "मी रातभर स्टँडवरच थांबलो, अन् त्यानंच आत्ता पहाटंच्या गाडीनं दवाखान्यातला निरोप आनला. दवाखान्याच्या दारात झटका आला तिला. दारात! आत न्हेली तवा सूद नव्हती. रातभर डाक्टर हलला न्हाई म्हनं. पोरगी झाली. कापसात ठिवलीय, मूठभर हाय, पन वरडती जोरात. अन् चांगुणा सुदीत हाय. बोलली. पहिलं इचारलं, मामाला सोडलं का?"

सहादेवनं डोळे मिटले. पाणी गालावरच्या खळग्यांतून वाहायला लागलं आणि हात बांधलेले असल्यामुळे त्याला ते पुसता येईना.

"कडूबाईनं सांगितलंय," फक्रुद्दीन श्रीमंतकडे वळून म्हणाला, "वाटंत गाडीत झटका आला आसता तर सून हाताला लागली नसती, आसं डाक्टर बोलला. इवायाला सोडा. अन् जेवल्याबिगर जाऊ देऊ नका."

श्रीमंतला स्वतःचीच गाठ सुटेना. शेवटी त्यानं विळ्यानं दोर कापला आणि सहादेवची मनगटं हातात घेऊन चोळायला लागला, मान वर न करता. "राग मानू नगा, मामा," तो म्हणाला.

"तुमच्यावर न्हाई राग," सहादेव म्हणाला. तो खरंच नव्हता. नगरला जाणारी पहिली गाडी दुपारची होती, तोवर फक्रुद्दीन घोड्याला विसावा देणार होता. बनुबाईनं सहादेवला हाताला धरून आपल्या घरी नेलं.

दुष्काळातलं जेवण ते काय असणार, हुलग्याची शेंगोळी आणि रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. पण बनुबाईनं पाट मांडला, तांब्या भरून ठेवला आणि समोर वारा घालत बसली. सहादेव भुकेला होता. चार घास गेले आणि बनुबाईनं पदर सावरला. कालपासून अडलेला प्रश्न तिनं आता काढला.

"मामा, एक इचारू? खरं सांगशीला?"

"इचारा."

"ती सिनेमातली पोरगी. तिचं पुढं काय झालं?"

सहादेवचा हात ताटात थांबला. "सिनेमा खोटा आसतो, आजी."

"त्ये ठाव हाय मला. श्रीमंत रोज सांगतो. तरीबी." म्हातारी जमिनीकडे बघत बोलत होती. "तंबू फाटला अन् आमी घरला आलो. तवापास्नं डोळ्याला डोळा लागत न्हाई धड. ती खडी सेंटरवरची बी गेली. एक बी पोर परत आल्याली आजून आमी बघितली न्हाई. म्हनून म्हनलं, तुमाला ठाव आसंल. तुमीच न्हेली हुती तिला."

पुढे काय झालं ते सहादेवला चांगलं ठाऊक होतं. ती पोरगी विहिरीत उडी टाकते. दौल्या काठावर उभा राहून खाली बघतो आणि हसतो. ते हसू घेताना दिग्दर्शकानं त्याची पाठ थोपटली होती.

"सापडली," सहादेव म्हणाला.

बनुबाईनं वर पाहिलं.

"तिचा खरा मामा आला शोधत. गावोगाव फिरला, इचारत इचारत. त्यानं सोडवली. घेऊन गेला माहेरी."

"अन् दौल्या?"

"त्याला बांधून ठिवला चावडीत."

बनुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. देवीचे खळगे, फूल पडलेला डोळा, तो जबडा, सगळं तिनं नीट पाहिलं, आणि तिचा विश्वास बसला. काल तो घसा बसेपर्यंत खरं बोलला होता तर कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज या थापेवर म्हातारीचे डोळे भरून आले. सहादेवला एकदम भडभडून आलं. खोटं बोलल्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

"सुखात हाय का आता?" तिनं विचारलं.

"लई सुखात."

बनुबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. अंगणाच्या गडग्यापाशी गेली आणि पलीकडे तोंड करून जोरात ओरडली, "अगं ए, ऐकलं का! सापडली गं ती पोर! मामानं सोडवली तिला!"

पलीकडून कुणीतरी हातातलं भांडं टाकलं आणि धावत यायला लागलं. आणखी एका दाराची कडी वाजली. सहादेवनं डोळे पुसले आणि घाईघाईनं पुढचा घास घेतला, कारण आता हे सगळं त्याला पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.